झोपलेल्या पेशी आणि माझा वर्गमित्र

मला त्या माणसाचा तिरस्कार वाटतो आणि तो कमी व्हावा म्हणून मी कधी प्रयत्नही केलेला नाही. चंद्रपूरला बी.एस्सी.ला आम्ही एका वर्गात होतो. प्रॅक्टिकलला त्याने एकदा झुरळाची अशी काही दशा केली होती की सरांनी त्याचा ट्रे उचलून सगळ्या वर्गाला दाखवला आणि एक शब्द न बोलता परत ठेवला. चेतापेशीची आकृती तर त्याला शेवटपर्यंत आली नाही. दरवेळी तो पाल काढायचा. पुढे नागपूरला जाऊन औषधांची बॅग घेऊन फिरतो असं कानावर आलं आणि मी त्याला विसरून गेले.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नवरा वीज केंद्रात आहे, म्हणून आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. आमच्या मुलीला ऑटिझम आहे. ती मोजकं बोलते, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली जाते, आणि कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली नाही तर बसमध्ये चढतच नाही. ती सीट मिळाली की मात्र इतकी खूश असते की ड्रायव्हरही आता ती जागा धरून ठेवतात.

निदान झाल्यापासून आमच्याकडे तज्ज्ञांची कधी कमी पडली नाही. जाऊबाईंच्या मते मी गरोदरपणी फार वाचलं. शेजारणीच्या मते मोबाईल. गावाकडच्या एका नातेवाइकाने तर आम्ही देवाचं काही करत नाही म्हणून हे झालं असं सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत, हे त्याला माझ्या लग्नापासून माहीत होतं. मी सगळ्यांना चहा देत आले. लोकांना आपल्या अज्ञानाची केवढी खात्री असते, हे तेव्हा चहाच्या कपांमागे बसून शिकले.

आणि मग एका रविवारी सकाळी पेढ्यांचा डबा घेऊन हा माझ्या दारात उभा. अंगात कोट. मे महिन्यात, चंद्रपुरात! कार्डावर नावाआधी ‘डॉ.’ छापलेलं.

“डॉक्टर केव्हा झाला?” मी विचारलं.

“अरे, आता आपण ब्रेनमध्येच काम करून राह्यलो,” तो म्हणाला. ते उत्तर नव्हतं, पण त्याला ते उत्तर वाटलं.

माझ्या मुलीबद्दल त्याला कोणाकडून तरी कळलं होतं. सोफ्यावर रेलून तो सांगू लागला की न्यूरॉनचा जमाना गेला, आता सगळा खेळ सपोर्ट सेलचा. ऑटिझमच्या मुलांमध्ये ह्या पेशी झोपलेल्या असतात. त्याच्याकडे एक सलाइन आहे, ते दिलं की जाग्या होतात.

“कोणत्या सपोर्ट सेल?” मी विचारलं.

“त्याच. सपोर्टवाल्या.”

“त्यांचे प्रकार असतात. एक तरी सांग.”

तो हसला आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम अजून पण व्हायवा घेते, भाऊ.”

मला राग आला तो त्याच्या अज्ञानाचा नाही. त्या पेशींवर मी स्वतः दोन-तीन वर्षं मिळेल ते वाचत होते. आम्हाला कॉलेजात त्या एका वाक्यात उरकल्या होत्या: चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. जणू मांडवाचे बांबू. पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे बांबू बरंच काही करतात. काही पेशी ताऱ्याच्या आकाराच्या असतात आणि चेतापेशींमधल्या बोलण्यात स्वतःही भाग घेतात. काही अगदी लहान, मेंदूभर हिंडणाऱ्या. वाढत्या मेंदूत गरजेहून जास्त जोडण्या तयार होतात, त्यातल्या नको त्या ह्या लहानग्या पेशी खुडून टाकतात. ऑटिझममध्ये ही खुडणी कुठेतरी वेगळी होत असावी असा संशोधकांचा कयास आहे. वाचता वाचता मी पलीकडे झोपलेल्या मुलीकडे बघत राहायचे. आणि ज्याला पाल आणि चेतापेशी वेगळी काढता आली नाही, तो माझ्याच घरात पेढा खात ते विकत होता.

त्याला माझ्याकडून एकच हवं होतं. चंद्रपूरला त्याचं शिबिर होतं. त्यात मी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. जीवशास्त्राची शिक्षिका, शिवाय आई. बदल्यात मुलीचा इलाज फुकट. मी नाही म्हणाले.

तो गेल्यावर नवऱ्याने पेढ्यांचा डबा बंद करून ठेवला. मग म्हणाला, “एकदा करून पाहू न. काऊन नाई म्हणतं?”

“माहीत नसलेली गोष्ट तिच्या नसेत सोडायची?”

“माहीत तर मले काहीच नाई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जे होतं, त्याचा तिरस्कार करणं मला जमलं नाही. मी शिबिराला जायला तयार झाले. बोलेन असंही त्या माणसाला कळवलं. काय बोलेन हे त्याने विचारलं नाही, कारण शंका येण्याइतकी बुद्धी त्याच्याकडे नव्हती.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. लग्नाच्याच खुर्च्या, लग्नाचाच माईक. मागच्या फ्लेक्सवर जांभळा चमकता मेंदू. माणसं लांबून लांबून आली होती. भामरागडकडचं एक जोडपं पावसाआधी रस्ता आहे तोवर म्हणून निघालं होतं. आम्ही तिघं बसलो त्याच्या शेजारच्या खुर्चीवर धानोऱ्याकडचे एक धान पिकवणारे गृहस्थ होते. त्यांची मुलगी माझ्या मुलीहून मोठी, शांतपणे ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

वर्गमित्राने भाषण केलं. पडद्यावर ताऱ्यासारख्या पेशींचं सुंदर चित्र लावलं आणि त्याखाली ‘न्यूरॉन’ लिहिलं होतं. मग तो खाली उतरला, सरळ आमच्याकडे आला, माझ्या मुलीची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं आणि माईकवर म्हणाला, “बेटा, इकडे बघ.” तिने डोळे गच्च मिटले. “बघा,” तो हॉलला म्हणाला, “हीच ती झोप.”

नवऱ्याने त्याचा हात बाजूला केला, मुलीला उचललं आणि बाहेर नेलं. मी स्टेजवर गेले.

मी ओरडले नाही. वर्गात सांगते तसं सांगितलं. ह्या पेशी खऱ्या आहेत, महत्त्वाच्या आहेत, आणि ऑटिझममध्ये त्यांचा काही हात असू शकतो. मरणानंतर दान केलेल्या मेंदूंत काही खुणा सापडल्या आहेत, बाकी पुष्कळ काम उंदरांवर झालंय. ह्या पेशींमुळे ऑटिझम होतो, की आधी दुसरं काही घडतं आणि त्या नंतर बदलतात, हे अजून ठरलेलं नाही. लेकराच्या तोंडाकडे बघून त्याच्या पेशी जाग्या की झोपलेल्या हे जगात कोणीच सांगू शकत नाही. “ह्या सलाइनने काही होतं याचा पुरावा मी यांना मागितला,” मी म्हटलं, “यांनी मला पेढे दिले.”

कोणी हसलं नाही. धानोऱ्याचे ते गृहस्थ उभे राहिले.

“बाई, तुमी शिकलेल्या. तुमाले शाळा हाय, दवाखाना हाय. आमच्या पोरीले काय हाय? दुसरा इलाज सांगता का तुमी?”

“पूर्ण बरं करणारा इलाज नाही, भाऊ. शिकवता मात्र येतं, हळूहळू—”

“मंग बसा खाली.”

हॉलने टाळ्या वाजवल्या. वर्गमित्राने माईक घेतला आणि मवाळ आवाजात म्हणाला, “आई आहे. आपण समजून घेऊ.” इतका नीच मोठेपणा मी आजवर पाहिलेला नाही. टेबलापुढे नावं नोंदवायला रांग लागली आणि त्या रांगेच्या बाजूने मी एकटी बाहेर आले.

नवरा झाडाखाली मोटारसायकलजवळ उभा होता. मुलगी टाकीवर बसून हँडलचा आरसा हलवत होती. “तिची हनुवटी धरली न त्यानं,” तो म्हणाला, “तवाच मले समजलं. त्याले पोरगी दिसूनच नाई राह्यली.” घरी आल्यावर त्याने वर्गमित्राचा नंबर फोनमधून काढून टाकला.

त्या पावसाळ्यात कधीतरी धानोऱ्याच्या गृहस्थांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी कॉलेजातून मिळवला होता. दुसऱ्या सलाइननंतर मुलीला थंडी वाजून ताप भरला. त्यांनी शिबिरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, पेशी जाग्या होतात तेव्हा ताप येतोच. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तो बंद. मुलगी सरकारी दवाखान्यात राहून बरी झाली होती. “तुमी म्हणलं होतं न, शिकवता येते,” ते म्हणाले. “ते कुठी शिकवतेत?”

मी त्यांना बोलावलं. ते मुलीला घेऊन सकाळच्या एस.टी.ने आले. दारात चप्पल काढताना ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मलाही त्यांच्याकडून काही ऐकायचं नव्हतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाई कोणत्या वारी बसतात, तिथे काय विचारायचं, घरी काय करून घ्यायचं, हे मी सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

“मंग हिच्या डोक्यातल्या त्या पेशी झोपलेल्या नाई?” त्यांनी शेवटी विचारलं.

“माहीत नाही, भाऊ.”

“कोणालेच नाई?”

“अजून नाही. शोधून राहिले लोक.”

त्यांनी मान हलवली. त्या उत्तराने त्यांचं काहीच भागणार नव्हतं, पण निदान त्यात त्यांना कोणी मूर्ख समजलेलं नव्हतं. आतल्या खोलीत दोघी मुली एकमेकींकडे पाठ करून फरशीवर बसल्या होत्या. मध्येच माझी म्हणाली, “पंखा.” त्यांची उठली आणि बटण दाबून आली.