आकडा बघायला कोणीतरी

मीटरकाका गळ्यात मल्टिमीटर न अडकवता घराबाहेर पडलेले आमच्या गल्लीत कोणी पाहिले नसतील. नव्या माणसाला ते लांबून डॉक्टर वाटतात. काम तसं नाडी बघण्याचंच, पण वायरींची. खोदाईच्या मोठाल्या डिझेल मशीनांचं इलेक्ट्रिकचं काम ते करतात. हल्ली या मशीनांना धूर स्वच्छ करून सोडावा लागतो. त्यासाठी धुराच्या नळीवर सेन्सर, युरियाच्या पाण्याची टाकी, वायरींचं जंजाळ असा सगळा संसार मागे बसवलेला असतो. त्यातली एखादी वायर रुसली की कॅबमध्ये पिवळा दिवा लागतो आणि हत्तीएवढं मशीन आपली ताकद आपणच कमी करून कुंथत बसतं.

काकू लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या, सहा महिन्यांसाठी. विमानानं जावं लागतं इतक्या लांब. नात आता घरभर धावते, आणि काकू अजून तिथंच आहेत.

मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आई अजून वर्षभर राहिली तर मला नोकरी धरता येईल. तुमची काही हरकत?"

"छे, हरकत कसली! खुशाल राहू दे."

मग फोन काकूंनी घेतला. मागे दार लावल्याचा आवाज आला.

"हरकत नाही ते ऐकलं. तुमचं म्हणणं काय आहे?"

"तुला बरं वाटेल तसं कर."

"माझं नाही, तुमचं विचारतेय."

"अगं, इथं माझं काय अडतंय?"

काकू म्हणाल्या, "रविवारी मी तिला काय ते सांगणार आहे. स्वयंपाकघरातला नळ केलात का?"

"करतो."

हा नळ त्या जायच्या आधीपासून गळत होता. वायसर बदलायचा, एवढंच काम. पण काकू दर फोनला नळाचं विचारायच्या, काका दर फोनला "करतो" म्हणायचे, आणि ते एकदा करून टाकलं तर त्या जागी काय बोलायचं, हे काकांना सुचत नव्हतं. नळाखाली पातेलं ठेवून ते झोपायचे. पलंगाच्या आपल्याच बाजूला. दुसऱ्या बाजूची उशी आठवड्याला उन्हात घालायचे, अभ्रा बदलायचे आणि पुन्हा होती तिथं ठेवायचे.

शनिवारी एका साइटवरून बोलावणं आलं. इमारतीचा पाया खणणारं मशीन सारखं दम टाकत होतं. डिस्प्लेवर येणाऱ्या कोडवरून दोष धुराच्या नळीतल्या तापमानाच्या सेन्सरकडे दिसत होता, म्हणून सेन्सर बदलला होता. मग तो नवीनही बदलला होता. दिवा तसाच.

"काका, सकाळी ठणठणीत असतं," ऑपरेटर म्हणाला. पोट सुटलेला, मिशीवाला, तोंडात कायम बडीशेप. "गरम झालं आणि हादरे बसायला लागले की नाटकं सुरू."

"मग सेन्सर नाही. वायर असणार."

अशी वायर शोधायची रीत ठरलेली. खोदायची बकेट जमिनीला टेकवायची, मशीनचा हात हलू नये म्हणून हायड्रॉलिकचं लॉक लावायचं, इंजिन चालू ठेवायचं. कॅबमधल्या डिस्प्लेवर त्या सेन्सरचा चालू आकडा उघडायचा. मग मागचं झाकण उचलून, पंख्यापासून हात जपत, वायरींचा जुडगा वीत-वीतभर हलवत जायचा. दुखरी जागा हातात आली की आकडा भलतीकडेच उडी मारतो. अडचण एवढीच, की हात मागे आणि आकडा पुढे. बघायला दुसरं माणूस लागतं.

हे दुसरं माणूस वर्षानुवर्षं काकू होत्या. एकदा डबा द्यायला साइटवर आल्या, तर काकांनी त्यांना शिडी चढवून सीटवर बसवलं, "हा आकडा हलला की ओरड." दूध उतू जाताना ओरडावं तशा त्या ओरडल्या. त्यांचं ओरडणं आणि आकड्याचं उडणं यांत फट म्हणून नसायची. पुढे काका अवघड काम निघालं की मुद्दाम डबा घरी विसरायचे. काकूंना ते कळायचं. "विसरलात की विसरवलात?" म्हणत त्या यायच्या, सीटवर आपला रुमाल अंथरून बसायच्या.

ऑपरेटरला हे जमेना. "उडाला!" तो म्हणायचा, तेव्हा काकांचा हात दोन विती पुढे गेलेला असायचा. तिसऱ्यांदा काकांनी जुडगा सोडला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तुझा फोन दे."

"माझा? कशाला?"

"डिस्प्लेसमोर ठेवायचाय. व्हिडिओवर."

ऑपरेटरचा फोन कॅबमध्ये चिकटपट्टीनं बसला, काकांचा खिशात, इअरफोन कानात, आणि तिघांच्या त्या कॉलवर तिसऱ्या काकू. तिकडे सकाळ होती.

"अगंबाई, हे काय? तुमचा चेहरा कुठाय?"

"चेहरा राहू दे. आकडा दिसतोय?"

"दिसतोय. काच कोणी पुसत नाही वाटतं तिथं." मग आवाज बदलला. "हं. हलवा."

काका जुडगा हलवत निघाले. कानात काकूंचा श्वास ऐकू येत होता. मागे नात कशासाठी तरी भोकाड पसरत होती, काकू म्हणाल्या, "थांब गं, आजोबांचं काम चाललंय."

इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात, एका पट्टीखाली हात गेला.

"उडाला!"

काकांनी हात तिथंच धरून ठेवला. पट्टीच्या धारेनं घासून वायरीचं कवच गेलं होतं, आतली तार कशीबशी टिकून होती. झालं. आता सांगायचं, "सापडली," आणि फोन ठेवायचा.

काकांनी ती जागा सोडली आणि पुढची, धडधाकट वायर हलवायला घेतली.

"आता?"

"आता जागेवर आहे."

"आता?"

"तसाच." काका आणखी एक वीत पुढे गेले. "अहो."

"काय?"

"सापडलीय ना?"

काका वायर हलवतच राहिले.

"मघाशी उडाला तेव्हा तुम्ही पुढे गेलात. तुम्ही कधी उडाल्यावर पुढे जाता? मला काय नवीन समजलात?"

काकांच्या हातात चांगली वायर होती. ती त्यांनी सोडली नाही. काकू फक्त आकडा बघत होत्या, काकांचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. तेवढ्यावरच जीभ हलली.

"परत ये."

"काय? इंजिनाच्या आवाजात काही कळत नाही. मोठ्यानं बोला!"

डिझेल फुकट जळतंय आणि आपला फोन अडकलाय म्हणून वैतागलेला ऑपरेटर नेमका तेव्हाच कॅबमध्ये चढला आणि त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. त्या अचानक शांततेत काकांचा आवाज खणलेल्या खड्ड्याच्या पार पलीकडे गेला:

"घरी ये! माझं अडतंय!"

सळ्या बांधणारे माना वर करून बघायला लागले. ऑपरेटरनं बडीशेप चावायची थांबवली. काका मागच्या झाकणात डोकं घालून उभे.

कॅबमधल्या फोनचा स्पीकर चालूच होता, त्यामुळे उत्तरही सगळ्यांनीच ऐकलं. आधी नुसतं नाक ओढल्यासारखं काहीतरी. मग काकू नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"लेकीशी मी बोलते. तिला बाळ सांभाळायला दुसरं कोणी मिळेपर्यंत महिना-दीड महिना लागेल. तुम्ही मध्ये तोंड घालू नका, नाहीतर परत 'खुशाल राहू दे' म्हणाल."

"नाही म्हणत."

"आणि त्या नळाला आता हात लावू नका. आल्यावर मी माणूस बोलावून करून घेते."