दोन मीटर कमी पडलेली नळी

गुनवोर ही आमच्या वसाहतीतली सगळ्यात कजाग बाई, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. अडतीस वर्षं तिने जहाजांच्या कारखान्यात वायरिंग केलं. तिथे चुकीला चूक म्हणायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आमच्याकडे ही सवय म्हणजे रोगच. इथे कोणी कोणाला तोंडावर बोलत नाही. ‘छान झालं हं’ म्हणायचं, घरी जायचं आणि दार लावून घ्यायचं.

आमच्या चौदा घरांची चौदा गॅरेजं एका ओळीत आहेत. चाळीस वर्षांपूर्वी त्यांना एक बारीक केबल आणली होती. प्रत्येकाला एक दिवा आणि कडाक्याच्या थंडीत इंजिन गरम ठेवायला एक सॉकेट, बस. मग विजेच्या गाड्या आल्या आणि लोक त्याच सॉकेटवर रात्र रात्र गाड्या चार्ज करू लागले. गुनवोरने एकदा माझ्या गॅरेजमधला सॉकेट उघडून माझ्या नाकासमोर धरला. आतून तो काळाठिक्कर पडला होता.

“एइविंद, हा सॉकेट आहे की चूल?” तिने विचारलं. “सगळी ओळ जळाल्यावर सभा बोलावणार का तुम्ही?”

सभा बोलावली गेली, पण ती गुनवोरमुळे नाही, ओसहिल्डमुळे. ओसहिल्ड शेवटच्या गॅरेजवाली. वय एकेचाळीस, वाचनालयात नोकरी, आणि चाकाची खुर्ची. तिची जुनी गाडी जानेवारीत मोडीत निघाली. सरकारकडून तिला खुर्चीसकट आत शिरता येईल अशी विजेची व्हॅन मंजूर झाली, पण गॅरेजमध्ये चार्जिंगची पक्की सोय असल्याशिवाय ती मिळणार नव्हती. जूनपर्यंत सोय झाली नाही तर व्हॅन यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. तोवर ओसहिल्ड रोज संध्याकाळी आमच्यापैकी कोणाला तरी विचारायची, “उद्या सोडाल का मला?” आम्ही सोडायचो. आणि सोडतो म्हणून स्वतःवर खूशही असायचो.

गुनवोरने कागदावर सगळं आखून दिलं. विजेच्या मुख्य पेटीपासून गॅरेजांच्या टोकापर्यंत जमिनीखालून एक जाड रिकामी नळी. आज त्यातून ओसहिल्डसाठी केबल जाईल, उद्या बाकी तेरा घरांसाठी. केबल ओढायला परवानेवाले फिटर एकोणीस मेला येणार होते. ती तारीख चुकली तर पुढची थेट ऑगस्टच्या शेवटी. खणणं आणि नळी टाकणं मात्र आपलं आपण, म्हणजे दुग्नाद. सगळ्यांनी मिळून एक दिवस फुकट राबायचं, मग वाफल आणि कॉफी.

“खणा, नळी टाका,” गुनवोर म्हणाली, “पण मी बघितल्याशिवाय माती लोटू नका.” आणि शनिवारी ती नातीच्या कन्फर्मेशनला, म्हणजे चर्चमधल्या विधीला, बर्गेनला गेली.

त्या शनिवारी काय झालं ते सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काम झकास चाललं होतं. दुपारी तीन वाजता नळी संपली. शेवटच्या गॅरेजपाशी दोन मीटर कमी. दुकान बंद. सोमवारी सतरा मे, राष्ट्रीय दिवस, आणि शाळेच्या पोरांची मिरवणूक नेमकी ह्याच रस्त्याने जाणार. उघडा चर कसा चालेल? हालवार आमचा अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, आवाज लोण्यासारखा. त्याने नळीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधली. मग दुसऱ्या टोकाकडून हातभर तुकडा कापला आणि ओसहिल्डच्या भिंतीपाशी उभा रोवला, जणू नळी तिथवर पोचलीच आहे.

“फोटोत बरं दिसेल,” तो म्हणाला. “सतरा तारीख होऊन जाऊ दे, मग बघू.”

आम्ही माती लोटली, वर खडी पसरली, झेंडा उभारला. झाकली मूठ सव्वा लाखाची! वाफल खाताना सगळे म्हणाले, छान झालं हं. मीही म्हणालो. एकाच्याही तोंडून निघालं नाही की अरे, एकोणीसला फिटर येणार आहेत. दुग्नादच्या दिवशी मोडता कोण घालणार?

गुनवोर रविवारी संध्याकाळी परतली. सतरा मेच्या सकाळी तिने काळा लोकरीचा बुनाद, सणाचा पारंपरिक पोशाख, घातला, छातीवर चांदीची बटणं लावली, आणि मिरवणुकीआधी सहज म्हणून केबल ओढायची लांब स्प्रिंग घेऊन ओसहिल्डच्या गॅरेजपाशी गेली. स्प्रिंग नळीत हातभर आत गेली आणि मातीत रुतली. गुनवोरने फावडं आणलं.

आम्ही सुटाबुटात जमत होतो. हालवार धावत आला. “गुनवोर, आज नको गं! पोरं येतायत!”

“येऊ देत. त्यांनाही बघू दे मोठी माणसं काय करतात ते.”

तिने तो हातभर तुकडा उपसून आमच्यासमोर टाकला. तो कुठेच जोडलेला नव्हता. “हे कोणाचं काम?”

दुग्नादचं काम सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही.

“दोनच मीटर कमी पडली,” शेवटी मी म्हणालो. “दुकान बंद होतं.”

“माझ्या शेडमध्ये तीन मीटर पडली आहे! एक फोन केला असतात तर काय जीभ झडली असती?”

तेवढ्यात ओसहिल्ड खुर्ची ढकलत आली. “गुनवोर, मला माहीत होतं. मी खिडकीतून बघत होते.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“सगळे माझ्यासाठी राबत होते. मी कुठल्या तोंडाने बोलू? आज संध्याकाळी पुन्हा ह्यांनाच विचारायचंय ना, सोडाल का म्हणून.”

मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. चार महिने आम्ही तिला फुकट नेलं असं समजत होतो. फुकट कसलं? आम्ही तिचं तोंड विकत घेतलं होतं.

कोणीतरी ओसहिल्डची समजूत काढेल असं वाटलं, पण गुनवोर तिच्यावरच ओरडली. “ओरडायचंस की! व्हॅन तुझी जातेय, ह्यांची नाही!”

ओसहिल्डवर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. आम्ही सगळे तिच्याशी हळू, गोड बोलायचो, आजाऱ्याशी बोलतात तसं. ती लाल झाली. आता रडणार असं वाटलं.

“मग खणा ना!” ती किंचाळली. “हालवार, तो कोट काढ! एइविंद, झेंडा घेऊन बघतोस काय? जा, नळी आण! मला परवा केबल हवीय!”

हालवारने कोट काढला. मी गुनवोरच्या शेडकडे पळालो. नळी खांद्यावर घेऊन परतलो तेव्हा बँड वळणावर आला होता, पोरं माना वळवून बघत होती, आणि ओसहिल्ड चराच्या काठावरून अध्यक्षांवर ओरडत होती की एवढ्याने भागत नाही, अजून खोल खणा.