दोन हारांची गाडी

भिलाईत आमच्या क्वार्टरसमोर माझी गाडी दोन वर्षं उभीच होती. दर विश्वकर्मा पूजेला मी तिला हार घालायचो. हवा मात्र एकदाही भरली नाही. चरोद्याची मावशी अंथरुणाला खिळली, आईने तिला भेटायचा ध्यास घेतला, तेव्हा कुठे मेकॅनिक बोलावला.

चपला बाहेर काढून तो गाडीत बसला आणि ओढलेला हँडब्रेक पाहून हसत सुटला.

"साहेब, हिचे पाय बांधून पूजा करून राहिले होते का?"

त्याने जाम झालेले ब्रेक खोलून साफ केले, टायर आणि बॅटरी बदलली, जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. इंजिन गुरगुरताच मी आईसाठी दार उघडलं. त्याने ते लावून टाकलं.

"चालते, हे दिसलं. थांबते का, ते पाहू द्या आधी."

गल्लीत तीनदा करकचून ब्रेक मारून तो परतला आणि हँडब्रेक ओढून उतरला. "बस माय, आता बिनघोर जाय."

गाडीसाठी आणलेला ताजा हार आईने माझ्या हातातून घेतला आणि त्याच्याच गळ्यात घातला. ग्रीसने माखलेल्या शर्टावर झेंडू! गडी लाजून हसला.

मी ऐटीत गिअर टाकला. गाडी जागची हलेना.

हार सावरत तो खिडकीशी वाकला.

"साहेब, हँडब्रेक."