अर्ध्या किमतीचा कोपरा

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात गेलं की येतो तो राग वेगळाच. नर्सरी वाशीमहून मंगरूळपीरकडे जाताना लागते. मी तिकडे शाळेत शिकवते, रोज अप-डाऊन करते, त्यामुळे ती टाळायची म्हटली तरी टळत नाही. समोर गुलाब आणि शेवंती नटूनथटून उभ्या. मागे फाटक्या हिरव्या जाळीखाली घरात ठेवायची नाजूक झाडं, अर्ध्या किमतीत. ज्या पीस लिलीला खिडकीतलं ऊन सोसत नाही, ती तिथे मे महिन्यात दिवसभर भाजत होती. पानांच्या कडा पापडासारख्या वाजत होत्या.

"यांना पाणी कोण घालतं?" मी मालकाला विचारलं होतं.

"जाऊ द्या ना मॅडम, गेलेलेच हायेत ते. म्हणून तं अर्ध्यात देऊन राह्यलो."

गेलेलेच! शेजारच्या रबर प्लांटच्या खोडाला मी नखाने ओरखडा काढला. आत हिरवंगार होतं. ते त्याच्या नाकासमोर धरलं, दोन्ही झाडं उचलली आणि तणतणत बस पकडली. तिथून हे खूळ सुरू झालं.

त्या कोपऱ्यातली निम्मी झाडं सत्काराची असतात. हल्ली पाहुण्याला हार घालत नाहीत, कुंडीतलं रोप देतात. पर्यावरणावर भाषण होतं, फोटो निघतो, पाहुणा गाडीत बसतो आणि रोप टेबलाखाली राहतं. आठ दिवसांनी शिपाई ते नर्सरीत परत देऊन येतो. एकदा मी आणलेल्या कुंडीवर 'प्रमुख पाहुणे' अशी चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. ती मी महिनाभर काढली नाही. रोज सकाळी प्रमुख पाहुण्यांना पाणी घालायचे आणि ज्यांनी त्यांना टेबलाखाली सोडलं त्यांना मनसोक्त शिव्या द्यायचे.

दोन-तीन वर्षांत मागच्या पडवीत चौतीस झाडं झाली. कुजलेली मुळं कापायची, माती बदलायची, सावलीत ठेवायचं आणि मग नुसती वाट बघायची. महिना महिना काही होत नाही, आणि एक दिवस बुडातून गुंडाळलेलं पान वर येतं. त्या दिवशी मी शाळेत कुणावर ओरडत नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. अनसिंगजवळ आमचं वावर आहे, ते आता धाकटा भाऊ करतो. पन्नास वर्षं शेती केलेला माणूस माझ्या दोन खोल्यांत काय करणार? ते पडवीत यायचे, झाडांकडे बघायचे, झारी उचलायचे. मी आतून ओरडायचे, "बाबा, तुमी नका घालू पाणी! हे काही हरभरा नाही. किती घालायचं ते मले इचारत जा."

ते झारी खाली ठेवायचे. मग रोज विचारू लागले, "याले किती घालू?" मी सांगायचे, अर्धी वाटी, एक वाटी, आज नको.

यंदा मार्चमध्ये झाडांना पिठ्या ढेकूण लागला. पांढरी बुरशी दिसावी तसा हा किडा असतो, कपाशीवरही येतो. बाबांना तो ओळखीचा. त्यांचे डोळे चमकले. भावाला फोन करून त्यांनी गावाकडून आपला फवारणीचा पंप मागवून घेतला, निंबोळी अर्क कालवला आणि मी शाळेत असताना चौतीसही झाडं पानापानाने धुऊन काढली. संध्याकाळी मी आले तेव्हा ते इतके खूश होते की मला रागवताच आलं नाही.

चौथ्या दिवशी पानं पिळवटायला लागली. शेंडे वाकडे झाले, देठ वळले. बाबांनी एक पान खुडून उलटंपालटं केलं, मग पंपाचं झाकण काढून वास घेतला. त्यांना कळलं होतं. पंपात तणनाशक उरलं होतं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. शेवटचं मात्र लिहिते, कारण ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. "तुमी आता कशालेच हात लावू नका. नुसते बसून राहा!"

त्यांनी हातातलं पान परत कुंडीत ठेवलं.

रात्री मी भावाला झापायला फोन लावला. बाबांनी जन्मभर दोन पंप वेगळे ठेवले होते. तणनाशकाच्या पंपाच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली असायची, आम्हा पोरांना त्याला शिवायचीसुद्धा बंदी होती. भाऊ म्हणाला, "चिंधी सडली व्हती वं, फेकून देली म्या. दोन्ही पंप सारखेच त दिसतात." म्हणजे बाबांनी मूठ बघितली होती. चिंधी नाही, म्हणजे चांगला पंप. आणि हे त्यांना त्याच दिवशी उमगलं असणार, तरी मुलाचं नाव त्यांनी पुढे केलं नाही.

भावाला मी सोडलं नाही. पण बाबांपाशी जाऊन चुकलं म्हणायचं, ते काही माझ्याच्याने झालं नाही. आमच्या घरात ती सवयच नाही.

बाबा मात्र सांगितल्याप्रमाणे बसून राहिले. खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांवर. माठातलं पाणीसुद्धा मी दिलं तर प्यायचे. झाडं एकेक करून गेली, एकोणतीस गेली, आणि मला झाडांपेक्षा त्या हातांचा राग यायला लागला. मग एक दिवस म्हणाले, "रामनवमी झाली का जातो मी गावाले." गावाकडे भाऊ-भावजय पहाटेच वावरात जातात. तिथे दिवसभर बाबांशी बोलायला भिंत तेवढी होती. मी 'नका जाऊ' म्हणाले नाही. "उन्हाचं काहून जाता?" एवढंच म्हणाले, तेही खेकसून.

रामनवमीच्या दिवशी मी दुपारी झोपून उठले तर खुर्ची रिकामी. पिशवी जागेवर होती, तेवढाच धीर. पोहरादेवीच्या जत्रेच्या गर्दीने त्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी बाबा घामाने निथळत आले. खांद्यावर पोतं. पोत्यात नर्सरीच्या त्या मागच्या कोपऱ्यातली पाच झाडं, एकापेक्षा एक मेलेली.

"कितीले देले?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. पुरी किंमत. ज्या माणसाने बैलबाजारात भल्याभल्यांना घाम फोडला, त्याने वाळक्या काड्यांची पुरी किंमत मोजली होती.

दुसऱ्या दिवशी मी नर्सरीपाशी उतरले ती लढायलाच. म्हाताऱ्या माणसाला फसवताना लाज वाटली नाही का, म्हणून मालकाला गिऱ्हाइकांसमोर धुतलं. त्याने ऐकून घेतलं.

"मॅडम, म्या त्यायले समोरचे चांगले झाडं दाखवले," तो म्हणाला. "त्या पैशात तेच देऊन राह्यलो व्हतो. काकाजी आयकतच नाहीत. अर्धे पैसे वापस देले तं तेही घेतले नाहीत. म्हणे, मांगचे दे. माह्या हातानं पोरीचे झाडं मेले. तिले जगलेले नाही लागत, जगवायले लागतात."

मी आणखी ओरडले. कशाबद्दल ते आता आठवत नाही. रस्त्याकडे तोंड करून ओरडले, कारण डोळे भरले होते आणि त्याला ते दिसू द्यायचे नव्हते.

घरी आले. बाबा खुर्चीत, हात मांड्यांवर. पाचही झाडं पडवीत ओळीने ठेवलेली, पण कोरडी. मी झारी भरली आणि त्यांच्या पुढ्यात आदळली.

"बसून काहून राह्यले? घाला ना पाणी. आन् गावाले नाही जायचं."

ते उठले. झारी उचलली, पहिल्या कुंडीपाशी वाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "किती घालू?"

अख्खं रान ज्याने नुसत्या नजरेच्या अंदाजाने भिजवलं, तो माणूस मला विचारत होता. आजवर नर्सरीवाल्याचा, सत्कारवाल्यांचा, भावाचा जेवढा राग आला असेल, त्याहून जास्त मला त्या क्षणी माझा आला. तसं विचारायला त्यांना मीच शिकवलं होतं.

"तुमीच सांगा मले," मी म्हणाले.