निबिया ओलास्कोआगाचं लग्न आणि बापाची कचिला

लग्नाच्या दिवशी सकाळी सव्वानऊला निबिया ओलास्कोआगा पांढरा झगा दोन्ही हातांनी गोळा करून कचिलेच्या मागच्या सीटवर बसली, थोरल्या भावानं, एल्बिओनं, चावी फिरवली, आणि गाडीनं नुसतं 'टक्' केलं.

एल्बिओनं पुन्हा फिरवली. टक्.

"बॅटरी," एल्बिओ म्हणाला.

"कार्बोरेटर," शेजारी बसलेला धाकटा दार्दो म्हणाला.

आणि दोघंही मान वळवून मागं बघायला लागले. गाडी सुरू झाली नाही की निबियानं उतरून धक्का मारायचा, असा त्या घरातला वीस वर्षांचा रिवाज होता. आज ती नवरी आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"बघताय काय?" निबिया म्हणाली. "आज मी ढकलायला नाही आले."

त्यांच्या पासो मताओखो गावात कुठल्याही म्हाताऱ्या गाडीला लाडानं कचिला म्हणतात. ही कचिला त्यांच्या बापानं दार्दोच्या जन्माच्या साली घेतलेली. फिकट हिरवी, गोल डोळ्यांची, एका बाजूला किंचित कललेली. बाप गेला तेव्हा ती तिघांच्या नावावर झाली. एल्बिओ खाटीक, दार्दो पोस्टमन, आणि निबिया गावच्या शाळेची स्वयंपाकीण. तीस वर्षं ती दीडशे पोरांचा रस्सा शिजवत होती. कागदावर गाडी तिघांची असली तरी चाक भावांच्या हातात आणि डिकीची कड निबियाच्या हातात, अशी वाटणी झाली होती. एल्बिओच्या मते गाडीचा प्रत्येक रोग बॅटरीचा. दार्दोच्या मते कार्बोरेटरचा. टायर पंक्चर झालं तेव्हासुद्धा दार्दोनं आधी कार्बोरेटर उघडून बघितला होता.

पण मागं उभं राहणाऱ्याला जे कळतं ते पुढं बसणाऱ्याला कळत नाही. धूर निबियाच्या तोंडावर यायचा. काळा आला की इंजिन पेट्रोल जास्त पितंय, निळा आला की ऑइल जळतंय, पांढरा आणि गोडसर वासाचा आला की पाणी नको तिथं शिरतंय, हे तिला नाकानं पाठ झालं होतं. गाडी पुढं सरकली की खाली राहिलेला डाग तिलाच दिसायचा, आणि ती बोट लावून बघायची: चिकट का पातळ, तांबूस का हिरवं. रविवारी दुपारी भाऊ जेवून आडवे झाले की ती बॉनेट उघडायची. स्वयंपाकघरातला एकच नियम तिनं तिथं लावला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चव घेऊन बघायची. मीठही घातलं आणि पाणीही ओतलं, तर रस्सा कशानं बिघडला ते कुणाच्या बापाला कळत नाही.

हे तिनं भावांना कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

विचारलं ते आपारिसिओ तेचेरानं. हा समुद्राकाठच्या बार्रा ओंदाचा मधमाश्या पाळणारा विधुर. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात शाळेला मधाचे डबे द्यायला आला तेव्हा त्याचा ट्रक दारात उभ्या उभ्या कण्हत होता. कधी जोरात, कधी हळू. निबिया कांदा चिरता चिरता खिडकीतून ओरडली, "अहो मधवाले! कुठंतरी हवा ओढतोय तो. इंजिनावरची रबरी नळी बघा, फाटली असेल."

आपारिसिओनं बघितलं. नळी फाटलेली होती. तो टोपी काढून बराच वेळ खिडकीखाली उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात मध नको असताना तो मध घेऊन आला. ट्रकात नवा आवाज होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. तिकडचा जून-ऑगस्टचा हिवाळा सरेपर्यंत निबियानं क्लचची तार, ढिला पट्टा, खडखडणारा सायलेन्सर आणि भिजलेला प्लग एवढं निदान केलं, आणि एका गुरुवारी वाकून बघते तर एक स्क्रू पान्यानं मुद्दाम सैल केल्याचं स्वच्छ दिसत होतं. कडेला ताजा ओरखडा होता.

"हे तुम्ही केलंत," ती म्हणाली.

"हो," आपारिसिओ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, तरी आदरानं 'डोन्या', म्हणजे बाई, म्हणायला तो विसरला नाही. "काय करणार, डोन्या निबिया. आता माझ्या ट्रकात बिघडवण्यासारखं काही उरलंच नाही. लग्न करता का माझ्याशी?"

ती इतकी हसली, इतकी हसली, की चुलीवरचा भात करपला. अठ्ठावन्न वर्षांत तिच्या हातून करपलेलं ते पहिलंच पातेलं.

तर असं ते लग्न. बारा वाजता बार्रा ओंदाच्या नोंदणी कचेरीत. आणि लग्न लावणाऱ्या जज्जबाईंनी आधीच बजावलं होतं की एकच्या ठोक्याला त्या दुसऱ्या गावच्या लग्नाला निघतील, मग पंधरा दिवस भेट नाही. अंतर सत्तेचाळीस किलोमीटर. आणि गाडी म्हणतेय टक्.

"दिवे लाव," निबिया म्हणाली.

"दिवसाउजेडी?" एल्बिओ म्हणाला. "अगं निबे, बॅटरी मेलीय."

"लाव म्हणते ना."

दिवे झगझगीत लागले. "आता चावी फिरव." टक्, आणि दिवे फटकन विझले.

"बॅटरी मेली असती तर दिवे हळूहळू मंद झाले असते. हे एकदम गेले. वीज आहे आत, पण वाट अडलीय. थर्मास आण."

माते म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा; त्याच्या गरम पाण्याचे दोन थर्मास दार्दोच्या मांडीवर होते. त्यानं ते छातीशी धरले. "माझं मातेचं पाणी?"

"आण!"

बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती. निबियानं तारा सोडवल्या, वरून गरम पाणी ओतलं. पुटं फसफसून विरघळली. एल्बिओच्या सुरीनं तिनं धातू चकचकीत खरवडला, तारा घट्ट आवळल्या. "फिरव."

कचिला गुरगुरली, शिंकली आणि सुरू झाली.

"म्हणजे बॅटरीच होती," एल्बिओ म्हणाला.

जानेवारीतलं ऊन; तिकडं हा भर उन्हाळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुकलेलं गवत, त्यात तोंड खुपसून उभ्या गाई. वीस किलोमीटर बरे गेले. दार्दोनं उरलेल्या थर्मासमधून माते भरला आणि तिघांत फिरवायला सुरुवात केली. निबियाला अकारण हसू येत होतं. मग टेकाडांचा चढ लागला आणि बॉनेटखालून डुक्कर धरल्यासारखी किंकाळी आली. पाठोपाठ समोरचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला.

"बॅट–" एल्बिओनं तोंड उघडलं.

"गप. हिटर चालू कर. पूर्ण."

"हिटर? निबे, बाहेर छत्तीस डिग्री आहे!"

"म्हणूनच. इंजिनाची आग आपल्या अंगावर घ्यायची. चालू कर, आणि सावली दिसेल तिथं थांबव."

दार्दोनं बटण फिरवलं. पायाशी भट्टी उघडल्यासारखा वारा आला आणि त्याच्याबरोबर तीस वर्षांची धूळ, सुकलेले किडे आणि कुठल्यातरी जुन्या सहलीतल्या शेंगांची सालं. एल्बिओच्या एकुलत्या एका सुटातून वाफा निघायला लागल्या. दार्दो खिडकीतून अर्धा बाहेर लटकला. निबियाच्या गालावरची पावडर ओघळून मानेवर आली, आणि ती मोठ्यानं हसत होती, पोरीसारखी, पोट धरून. "हसतेस काय?" दार्दो बाहेरून ओरडला. "तू लग्नाच्या आधीच शिजशील!" मग त्यालाही हसू फुटलं, आणि एल्बिओ सोडून सगळी गाडी खिदळत खिदळत एका निलगिरीच्या राईत शिरली.

काटा थोडा उतरला होता. बॉनेट उघडल्याबरोबर दार्दोचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला. निबियानं फटका मारला.

"हात भाजायचाय का? उकळत्या कुकरचं झाकण उघडतोस तू?"

ते निवेपर्यंत तिनं रबरी पट्टा अंगठ्यानं दाबून दाखवला. तो झोपाळ्यासारखा खाली गेला. "हाच पंखा फिरवतो, हाच पाण्याचा पंप फिरवतो, हाच डायनामो. ढिला झाला की घसरतो, किंचाळतो, मग पाणीही फिरत नाही आणि चार्जिंगही होत नाही. म्हणून लाल दिवा." तिनं डायनामोचा बोल्ट सैल केला आणि हात पुढं केला. "एल्बिओ, तुझी सुरी परजायची सळई."

"तुला कसं माहीत ती माझ्याकडे–"

"तू ती झोपतानाही काढत नाहीस."

एल्बिओनं निमूटपणे कोटाच्या आतून सळई काढली. निबियानं ती डायनामोमागं अडकवली, दोन्ही पायांनी रेटून तरफ दिली, पट्टा ताणला आणि दार्दोकडून बोल्ट आवळून घेतला. झग्याच्या पोटावर काळा पंजा उमटला.

झाकण निवल्यावर कळलं की रेडिएटरमधलं पाणीही बरंच उडून गेलंय. निबियानं दुसऱ्या थर्मासकडे बोट दाखवलं.

"नाही," दार्दो म्हणाला. "हे मात्र नाही. खाली ओढा असेल, मी तिथून आणतो."

"तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर तडकेल ते. कोमटच लागतं. दे."

दार्दोनं थर्मास दिला आणि तोंड फिरवून उभा राहिला. बापाच्या मयतीलाही तो एवढा गंभीर नव्हता.

सव्वाअकरा वाजले होते. "सरक," निबिया एल्बिओला म्हणाली. "मी चालवते."

एल्बिओ सरकला. का सरकला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

तिनं चढ दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला न दमवता घेतला. वर पोचल्यावर क्षितिजाला समुद्राची निळी रेघ दिसली, आणि त्याच क्षणी कचिला दोनदा आचके देऊन गप्प झाली. काटा ठीक, दिवे ठीक, स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पेटत नाही.

"आता तरी कार्बोरेटर!" दार्दो जवळजवळ रडवेला झाला होता.

निबियानं बॉनेट उघडून पेट्रोलच्या नळीला नुसतं बोट लावलं आणि झटकलं. "जवळ आलास बरं का. पण कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाहीये. नळीतच उकळून वाफ झालीय. आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. गार केलं की झालं. फडकं आणि पाणी."

पाणी रस्त्याकडेच्या गाईंच्या हौदात होतं. दार्दोनं लग्नासाठी घेतलेली नवी कोरी टोपी काढली, एकदा तिच्याकडे बघितलं आणि हौदात बुचकळली. फडकं मात्र गाडीत नव्हतं. निबियानं डोक्यावरची लग्नाची जाळी ओढून काढली.

"निबे, ती आईची!" एल्बिओ म्हणाला.

"आई असती तर तिनंच काढून दिली असती."

ते खरं होतं. ओली जाळी पंपाभोवती आणि नळीभोवती गुंडाळली गेली, वरून टोपीभर पाणी दोनदा ओतलं गेलं. वाफ चुर्र करून उठली. अर्धा तास तिघं रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिले. एक गाय जवळ येऊन बघून गेली.

"हे सगळं तुला कधीपासून येतं?" एल्बिओनं विचारलं.

"बरीच वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं इतके खूश असायचा भांडताना," निबिया म्हणाली. "ते मोडायला माझा जीव धजायचा नाही."

एल्बिओला आधी राग आला, मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि मग त्या दिवसात पहिल्यांदा तो हसला. इतका की त्याला गाडीला टेकावं लागलं, आणि गाडी तापलेली असल्यामुळं लगेच उडीही मारावी लागली.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी कचिला बार्रा ओंदाच्या नोंदणी कचेरीसमोर वळली. जज्जबाई पिशवी खांद्याला लावून पायऱ्यांवर उभ्या होत्या. आपारिसिओ त्यांच्या आणि त्यांच्या गाडीच्या मधे हात पसरून उभा होता. निबिया उतरली: झग्यावर काळा पंजा, गळ्यापर्यंत ओघळलेली पावडर, केस चिकटलेले, हातात सळई.

आपारिसिओनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पट्टा?" त्यानं हळूच विचारलं.

"पट्टा, टोकं आणि वाफ," निबिया म्हणाली.

"बाई गं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सह्या सात मिनिटांत उरकल्या. वहीच्या त्या पानावर नवरीच्या नावाशेजारी एक तेलकट अंगठा उठला, तो कुणी पुसला नाही. जज्जबाई धावत आपल्या गाडीत बसल्या. पुढं गेल्या, पुन्हा मागं आल्या आणि काच खाली केली.

"डोन्या निबिया, तुमचे भाऊ सांगत होते की... माझी गाडी डावीकडे वळताना टकटक करते. फक्त डावीकडे."

"चला की चक्कर मारून," निबिया म्हणाली, आणि झग्यासकट शेजारी जाऊन बसली. चौकाला दोन वळसे झाले. "पुढच्या चाकाचा सांधा गेलाय, त्याच्या रबराच्या टोपणातून ग्रीस उडालंय. हळू जा, उद्याच बदला." जज्जबाई हळू गेल्या. त्यांचं दुसरं लग्न उशिरा लागलं म्हणतात.

हे वऱ्हाडानं बघितलं. आपारिसिओच्या अंगणात निलगिरीखाली टेबलं मांडली होती, कोकरू निखाऱ्यावर होतं, मधाचा तीन थरांचा केक वाट बघत होता. पण पाहुण्यांची रांग लागली ती नवरीपुढं. भेटवस्तू द्यायची, गालाचा मुका घ्यायचा आणि लगेच तोंडानं आवाज काढायचा. पाववाल्याची गाडी 'घर्र-प्फू' करायची. शाळामास्तरांची गाडी सकाळी थंड असताना 'इंईंईं' आणि नंतर गप्प. एक म्हातारे काका आपल्या टेम्पोचं दुखणं काढून दाखवता दाखवता स्वतःच खोकायला लागले, तेव्हा निबियानं त्यांना आधी पाणी पाजलं आणि मग विचारलं, "हा शेवटचा आवाज टेम्पोचा का तुमचा?" एल्बिओ रांगेला शिस्त लावत होता. दार्दो प्रत्येकाला सांगत होता, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, समजलं?" जणू हे त्यानंच शोधून काढलं होतं.

त्यानंतर बार्रा ओंदात मध विकत ती एकोणीस वर्षं राहिली, आणि समुद्राकडे जाणाऱ्या किती गाड्या तिच्या दारात थांबल्या ते कुणी मोजलं नाही. पण त्या दुपारी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. म्हणून आपारिसिओ बशी घेऊन शेजारी उभा राहिला आणि चमच्यानं तिला केक भरवत होता, आणि ती भरल्या तोंडानं पाववाल्याला म्हणत होती, "पुन्हा कर. नाही, तसा नाही. गिअर बदलतानाचा कर!"