उंबरदांडची हद्द आणि मधला कच्चा तुकडा

शनिवारी सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. निघालो पावणेनऊला, कारण नीलेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऐनवेळी गाडीच्या चाकात हवा कमी वाटली. आम्ही मूळचे परभणीचे, नोकरी हिंजवडीत, घर भूगावात. आठवडाभर कंपनीच्या कॅबमध्ये बसून डोकं उठलं होतं. पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या हद्दीवर उंबरदांड नावाचं गाव आहे, तिथली काही घरं एका जिल्ह्यात आणि काही दुसऱ्यात, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं आणि मी हट्टाने बेत ठरवला.

तुम्ही जाणार असाल तर पिरंगुट सकाळी आठच्या आत पार करा. भूगावातून तिथवर जायला आम्हाला सव्वा तास लागला. पौडच्या पुढे रस्ता बरा आहे, पण धरणाच्या काठाने प्रत्येक वळणावर कुणीतरी गाडी आडवी लावून फोटो काढत असतं. ताम्हिणीत एका ढाब्यावर पिठलं-भाकरी घेतली, ताट एकशे ऐंशीला. पिठलं गार. गरम करून मागितलं तर मालक म्हणाला, "ताई, गर्दी बघा की." आम्हाला धरून तीन टेबलं भरलेली होती.

मुख्य रस्ता सोडून आत वळलो आणि थोड्याच वेळात डांबर संपलं. पुढे खड्ड्यांनी भरलेली लाल माती, आणि पलीकडे, दिसेल इतक्या अंतरावर, पुन्हा नवंकोरं डांबर. दोन्हीकडच्यांनी आपापल्या हद्दीपर्यंत रस्ता करून हात झटकले होते. गाडीचा तळ दोनदा घासला. "तुझी हौस," एवढंच नीलेश म्हणाला, पण ज्या सुरात म्हणाला तो मला पुढचा अर्धा तास पुरला.

गाव म्हणजे दहाबारा घरं. पहिल्याच घराशेजारी शेरडांच्या वाड्यापाशी एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात पोटाशी धरलेला, मनगटाच्या वर सुजून वाकडा झालेला. वाड्याचं छप्पर शाकारताना तो खाली पडला होता. सून सुनीता शेजारी उभी राहून फोनवर बोलत होती, आवाज चढलेला.

"अवो, घर पुणे जिल्ह्यात हाय, पडले ते वाड्यात, वाडा रायगडात. आता कुटं सांगू तुमाला?"

तिने अँब्युलन्स मागवायला फोन केला होता. एकीकडचे दुसरीकडे विचारा म्हणत, दुसरीकडचे परत पहिलीकडे पाठवत. मी तिच्या हातून फोन घेतला आणि तेच सगळं शुद्ध मराठीत सांगितलं. उत्तर तेच मिळालं. एसटी सकाळीच निघून गेली होती. मी नीलेशकडे पाहिलं. तो आधीच मागच्या सीटवरच्या पिशव्या उचलत होता.

तो म्हातारा, म्हणजे धोंडूबाबा, आणि सुनीता मागे बसले. कच्च्या तुकड्यावर पुढचं चाक रुतलं. सुनीता आणि मी उतरून मागून ढकलत होतो, गावातले चार जण धावत आले. बाबा गाडीतच होते. प्रत्येक हिसक्याला ते डोळे मिटून घेत, पण तोंडातून आवाज काढत नव्हते. मला त्या रस्त्याचा, फोनवरच्या माणसांचा आणि सगळ्यात जास्त माझा राग येत होता. हे असं गाव मला मजेचं वाटलं होतं.

डांबर लागल्यावर बाबा बोलायला लागले. गप्प बसवत नसावं. धरणाकडे मान करून म्हणाले, "आमचं जुनं गाव त्या पान्याखाली हाय. पानी चढलं तवा माजा आजा शेरडं घिऊन वर आला. सपाट जागा दिसली, खोप घातली. हद्द कुटं हाय ती कुनी सांगितलीच न्हाई."

"मग कळलं कधी?" नीलेशने विचारलं.

"मोजनीवाले आले तवा. घराच्या नि वाड्याच्या मधनं साखळी वढली. आता हिकडचं म्हनतं तिकडं जा, तिकडचं म्हनतं हिकडं."

पौडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढून प्लास्टर घातलं. हाड मोडलं होतं, पण सांधेल म्हणाले. आम्ही त्या दोघांना चहा-बिस्किटं दिली, सुनीताला माझा नंबर दिला आणि निघालो. पिरंगुटला पुन्हा तीच रांग. घरी पोचलो तेव्हा चांगलं काम केल्याचं समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी मी सुनीताला फोन केला. बाबा कसे आहेत विचारलं.

"बरं हायेत. झोपल्यात."

"घरी कसे गेलात काल?"

"दुधाच्या गाडीनं फाट्यापातुर. म्होरं चालत. कच्च्यात बाबा दोनदा बसले, पन आले."

त्यांना पौडला सोडून घरी यायचं आम्हाला सुचलं, ते परत कसे जातील हे विचारायचं सुचलं नाही. आमच्या गाडीत तेव्हा अर्धी टाकी पेट्रोल होतं आणि संध्याकाळी काही काम नव्हतं. "तुमी लई केलंत, ताई," सुनीता म्हणाली, आणि ती ते मनापासून म्हणाली.