उसातला शेजारी

बिबट्या दिसतो घटकाभर आणि बोलणं पुरतं महिनाभर. आमच्या बेलापूरकडं ऊस आता नव्या प्लॉटिंगच्या भिंतींना टेकलाय. भिंतीच्या अल्याड मोटारसायकल, पल्याड बिबट्या. मग किस्से साचणारच, पाचटासारखे! वनखात्याच्या गार्डसाहेबांनी आम्हा गावकऱ्यांचं एक मंडळ केलं, बिबट्यावर लक्ष ठेवायला. मी वयानं मोठा, शाळेची पायरी न चढलेला. म्हणून मला काम एकच: फोन लावायचा आणि घाबरायचं नाही.

*

सुरुवात झाली कौसावैनींच्या शेळीपासून. एकटी बाई, थोडा ऊस, दोन शेळ्या. त्यातली गाभण होती तीच बिबट्यानं नेली. वैनी दोन दिवस जेवल्या नाहीत. गार्डसाहेबांना म्हणाल्या, "एक तर त्यो ऱ्हाईल, न्हाई तर मी!"

पिंजरा आला. आत आमिषाला कोंबडी ठेवली. सकाळी आमचा भिका बघायला गेला, कोंबडीला पाणी आहे का. मायाळू माणूस! आत शिरला, फळी दबली आणि दार धाडकन खाली!

मी फोन लावला, "सायेब, दार पडलं! आत सापडलाय!"

"नर की मादी?"

"नर हाय. बिडी मागतोय!"

*

साहेबांनी मग बसवून समजावलं. एक पकडून नेला की मोकळ्या जागेत दुसरा येतो. त्या नव्याला ना वाटा माहीत, ना माणसं. त्यापेक्षा गोठे पक्के करा.

रविवारी वैनींच्या गोठ्याला जाळी मारायला सगळे जमलो. डेव्हिड सर, आमचे निवृत्त मास्तर, चर्चमधून थेट आले, इस्त्रीच्या शर्टातच. चारी बाजू झाल्या, वरनंसुद्धा जाळी झाली. सर म्हणाले, "वहिनी, आता निवांत झोपा."

वैनींनी गोठा बघितला, मग आपलं घर बघितलं. "शेळी निवांत झोपंल. माज्या खिडकीला गज कोन बसवनार?"

पुढच्या रविवारी सर जुना शर्ट घालून आले. पण वैनींचा राग काही गेला नाही. "घावला तर सोडू नका," एवढंच त्या म्हणायच्या.

*

उसात शिरताना मोठ्यानं बोलत जा, असं साहेबांनी सांगितलं होतं. आवाज ऐकला की बिबट्या आपणहून बाजूला होतो. पंचाईत अशी, की माझी आणि भिकाची पाण्याची पाळी एकाच वेळी यायची, आणि आम्ही दोघं शेताच्या बांधाच्या वादावरून बारा वर्षं बोलत नव्हतो! पिंजऱ्याशी त्याला बिडी दिली, तीसुद्धा मुक्यानं.

आता जिवाची भीती. मीच तोंड उघडलं, "बांद माज्या हद्दीत हाय."

"तुज्या? तुजा आजा दर पेरनीला सरकवायचा त्यो!"

"आज्याचं नाव काडू नको!"

रस्त्यावरनं डेव्हिड सर पळत आले भांडण सोडवायला. मागून गार्डसाहेब ओरडले, "सर, थांबवू नका! एवढा आवाज आमच्या खात्याकडं न्हाई!"

तेव्हापासून रोज बरोबर जातो. बांध आहे तिथंच आहे.

*

गवत कापायला वैनी खाली वाकायच्या. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरागत दिसतं, म्हणून सोबतीला कुणी उभं पाहिजे. त्यांनी माझं जुनं धोतर-टोपी मागून नेली आणि बुजगावणं उभं केलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर डेव्हिड सर माझ्यावर तापलेले. "तात्या, शिकला नाहीत ते ठीक. पण दोनदा रामराम केला, उत्तर द्यायला काय शाळा लागते?"

*

औंदा वैनींच्या उसाला तोड आली. निम्मा फड तुटला आणि तोडणीच्या टोळीतल्या एका बाईनं कोयता टाकला. पाचटात तीन बछडे! डोळे नुकतेच उघडलेले.

साहेबांनी त्यांना टोमॅटोच्या क्रेटमध्ये, सापडले त्याच जागी ठेवलं. "आई येऊन नेईल. न्हाई नेलं तर जन्मभर पिंजऱ्यात. तिला आडोसा पाहिजे, शांतता पाहिजे."

टोळीचा मुकादम घायकुतीला आला. "बाई, टोळीला पुढचा फड हाय. उरलेला ऊस उबा ऱ्हाईल, वाळंल. आन तुमचीच शेळी खाल्ली ना तिनं?"

आम्ही सगळे वैनींच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्या क्रेटपाशी गेल्या.

"खाल्ली," त्या म्हणाल्या. "पर बाळंतीन हाय ती. बाळंतिनीला घरातनं कुनी उठवतं व्हय? जावा तुमी पुढच्या फडाला."

टोळी गेली. देवळानं भोंगा बंद ठेवला, डेव्हिड सरांनी चर्चची घंटा थांबवली, भिकानं आणि मी भांडण थांबवलं. पहिल्या सकाळी क्रेटमध्ये दोनच बछडे होते. दुसऱ्या सकाळी एक. त्या दिवशी गावात कुणी मोठ्यानं शिंकलंसुद्धा नाही.

तिसऱ्या सकाळी क्रेट रिकामं!

साहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि क्रेट उचलायला वाकले.

"थांबा सायेब," वैनी म्हणाल्या. पदराखालनं त्यांनी खण काढला, नारळ काढला, मूठभर तांदूळ घेतले आणि सगळं क्रेटमध्ये मांडलं.

"वैनी, अहो, ती गेली!"

"म्हनूनच. तीन लेकरं घेऊन निघाली, रिकाम्या वटीनं धाडू व्हय?"